अस्सास

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी जुन्या विद्यार्थ्यांनी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र मिळाले, तेव्हा वसतिगृहाच्या एकाच खोलीत सहा वर्षे राहिलेले आम्ही चौघे बऱ्याच दिवसांनी एकत्र बसलो. इमारतीविषयी, ग्रंथालयाविषयी, शालान्त परीक्षेच्या निकालांविषयी इतर मंडळी लिहितीलच आणि आमच्यापेक्षा चांगले लिहितील. आमच्या बोलण्यात मात्र फिरून फिरून एकच शब्द येत राहिला. तो पाली भाषेतला आहे आणि आम्ही नववीत असताना तो आम्हाला शिकवला गेला. तेव्हा त्या एका शब्दाविषयीच लिहावे, असे ठरले. लेखणी एकाची आहे, मजकूर चौघांचा आहे. ज्या पाचव्या सोबत्यामुळे तो शब्द आम्हाला खऱ्या अर्थाने कळला, त्याला हा लेख आधी वाचून दाखवला. त्याने दोन वाक्ये खोडायला लावली आणि आपले नाव कुठेही घालू नये, असे बजावले. म्हणून येथे तो केवळ 'आमचा सोबती' आहे.

शब्द आहे 'अस्सास'.

पालीचा तास दुपारच्या जेवणानंतर असे. पत्र्याचे छत तापलेले, पोटात भाकरी आणि आमटी, आणि समोर विभक्तिप्रत्यय. अशा वेळी जागे राहणे हीच एक साधना होती. गुरुजींना ते ठाऊक होते. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'आनापानसति' हा शब्द लिहिला आणि खाली त्याची फोड केली: आन म्हणजे आत येणारा वारा, अपान म्हणजे बाहेर जाणारा. अपान हा शब्द उच्चारताच वर्ग जागा झाला. मराठी मुलाला अपानवायू एकाच अर्थाने ठाऊक असतो. मागच्या बाकापासून हशा उठला तो पुढच्या बाकापर्यंत आला. गुरुजी खडू हातात धरून शांतपणे थांबले आणि मग म्हणाले, "हसून झाले? माणूस हसतो तेव्हा श्वास बाहेर टाकीत असतो. तुम्ही आत्ता सर्वांनी मिळून जे केले, त्यालाच येथे अपान म्हटले आहे."

मज्झिमनिकायातील ११८ वे सुत्त त्यांनी आम्हाला त्यानंतरच्या काही तासांत सांगितले. श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेने बांधलेल्या प्रासादात, वर्षावासानंतरच्या पौर्णिमेच्या रात्री तथागत मोकळ्या आकाशाखाली भिक्षुसंघासह बसले आहेत आणि श्वासाच्या आधाराने चित्त कसे जाणावे, हे सोळा पायऱ्यांनी समजावून देत आहेत. त्या पायऱ्या आम्ही पाठ केल्या आणि परीक्षेनंतर विसरलो, हे येथे प्रामाणिकपणे सांगितलेले बरे. लक्षात राहिला तो एक वाद.

सुत्तात श्वासासाठी दोन शब्द येतात, अस्सास आणि पस्सास. गुरुजींनी विचारले, "यातला आत जाणारा कोणता आणि बाहेर येणारा कोणता?" आम्ही संस्कृतचे दोन-चार उपसर्ग शिकलेलो होतो. 'आ' म्हणजे आपल्याकडे, 'प्र' म्हणजे पुढे. म्हणून अस्सास आतला आणि पस्सास बाहेरचा, असे उत्तर एकाने उठून दिले आणि तो विजयी मुद्रेने बसला. गुरुजी म्हणाले, "सुत्तांच्या अट्ठकथा तुझ्यासारखेच म्हणतात. विनयाची अट्ठकथा मात्र नेमके उलटे सांगते. तिच्या मते अस्सास म्हणजे बाहेर पडणारा श्वास."

इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात बसून आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात त्यांनी ही दोन्ही मते शेजारी शेजारी नोंदवून ठेवली आहेत. गुरुजींजवळ त्या ग्रंथाची देवनागरी प्रत होती. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी ती संपादित केली आणि मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रसिद्ध केली. घर सोडून, उपासमार काढीत, थेट सिंहलद्वीप गाठून पाली शिकलेल्या या माणसाविषयी गुरुजी इतक्या आदराने बोलत, की त्या प्रतीला हात लावण्यापूर्वी आम्ही हात धुऊन येत असू. मूल आईच्या उदरातून बाहेर येते तेव्हा प्रथम आतला वारा बाहेर पडतो आणि मग बाहेरचा वारा बारीक धूळ घेऊन आत शिरतो, असेही बुद्धघोष सांगतात. श्वासाचा आरंभ बाहेर पडण्याने होतो, असा याचा अर्थ.

आम्ही हे विज्ञानाच्या सरांना जाऊन सांगितले. सर नुकतेच रुजू झालेले, तरुण आणि हट्टी. ते म्हणाले, "गर्भाच्या फुप्फुसात हवा नसतेच, द्रव असतो. पहिला श्वास आतच घेतला जातो." आम्ही तो निरोप तत्परतेने पालीच्या तासाला पोहोचवला. गुरुजी रागावले नाहीत. "सरांचे खरे असणार," ते म्हणाले. "पण मूल रडते ते कोणत्या श्वासाने, हे त्यांना विचारून या." सर म्हणाले, "रडणे बाहेरच्या श्वासाने." दोन खोल्यांमधल्या व्हरांड्यातून हा शास्त्रार्थ आठवडाभर चालला आणि निरोप्यांचे काम आम्ही मोठ्या आनंदाने केले. त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला लावले आणि पारदर्शक पाणी आमच्याच उच्छ्वासाने दुधाळ होताना दाखवले. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, बाहेर टाकलेल्या हवेत सुमारे १६. म्हणजे आपण टाकून देतो ती हवा वाटते तितकी टाकाऊ नसते, हेही त्यांनीच सांगितले.

खरे पाहता हा गोंधळ एकट्या पालीचा नाही. उच्छ्वास हा शब्द आपण मराठीत बाहेर टाकलेल्या श्वासासाठी वापरतो. संस्कृत कोशांत त्याचा दीर्घ आत घेतलेला श्वास असाही अर्थ दिलेला आढळतो. बाणभट्टाने 'हर्षचरिता'च्या आठ प्रकरणांना उच्छ्वास असेच नाव दिले आहे. मराठीचे मात्र एक बरे आहे. बाहेर जाणाऱ्या श्वासासाठी तिच्याजवळ एकच शब्द नाही. माणसाची अवस्था पाहून ती शब्द काढते. दुःखाने टाकला तर उसासा, सुटका झाली तर निःश्वास, मन भरून आले तर सुस्कारा, पाटीभर ओझे उतरवले तर नुसते हुश्श, आणि लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घातली तर फुंकर. आणि क्रियापद बहुधा 'टाकणे' किंवा 'सोडणे'. आमच्या सोबत्याच्या वाट्याला यातले काहीच सहजपणे आले नव्हते.

त्याला दमा होता.

तो कापसाच्या पट्ट्यातल्या गावाहून आलेला. अंगाने काडी, डोळे मोठे, अक्षर वर्गात सर्वांत सुंदर. पहाटेच्या वंदनेला आम्ही दीडशे-दोनशे मुले एका सुरात म्हणत असू. त्याला एक पूर्ण ओळ एका दमात म्हणता येत नसे. ओळीच्या मध्येच त्याचा आवाज नाहीसा होई आणि शेवटच्या शब्दाशी पुन्हा येऊन मिळे. आम्ही त्याला 'तुटकी पट्टी' म्हणत असू. टेपरेकॉर्डरची तुटलेली आणि चिकटवलेली पट्टी जशी वाजते, तसा. हे नाव आम्हीच ठेवले होते. त्याने आज खोडायला लावलेल्या दोन वाक्यांपैकी एक याविषयी आमच्या बचावाचे होते. बचाव नको, असे तो म्हणाला.

त्या वर्षीच्या जानेवारीत, ऐन कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्री आम्हाला त्याच्या छातीतल्या शिटीने जाग आली. तो सतरंजीवर उठून बसला होता आणि त्याचे खांदे कानांपर्यंत वर चढत होते. आम्ही जे केले ते सर्व प्रेमाने केले आणि जवळजवळ सर्व चुकीचे केले. एकाने त्याला आडवे पाडून पांघरूण घातले. एकाने तोंडाशी पाण्याचा तांब्या धरला. तिसरा स्वयंपाकघराकडे धावला आणि त्याला ऊब मिळावी म्हणून पेटती शेगडी घेऊन आला. दारे-खिडक्या बंद, कोळशाचा धूर आणि आम्ही सर्व त्याच्याभोवती कोंडाळे करून एकच ओरडत होतो, "श्वास घे! अरे, श्वास घे!"

तो घेत होता. तेच तर तो करत होता. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि आत गेलेली हवा बाहेर पडू शकत नाही. छाती भरलेलीच राहते आणि भरलेल्या छातीत नवी हवा मावत नाही. निरोगी माणसाला श्वास घ्यायला स्नायू कामाला लावावे लागतात, सोडायला काहीच करावे लागत नाही. छातीचा पिंजरा आपोआप खाली बसतो. दमेकऱ्याला सोडण्यासाठी झुंजावे लागते. हे शरीरशास्त्र आम्हाला पुष्कळ नंतर समजले. त्या रात्री आम्ही एका भरलेल्या घागरीला "भर, आणखी भर" असे बजावीत होतो.

गुरुजी कंदील घेऊन आले. त्यांनी प्रथम शेगडी उचलून अंगणात ठेवली आणि दार सताड उघडले. आम्हाला भिंतीशी सरकवले. एका लोखंडी पेटीवर त्याला बसवले, दुसरी पेटी उभी करून तिच्यावर घोंगड्यांची चळत ठेवली आणि त्याला पुढे झुकवून त्या चळतीवर कोपरे टेकवायला लावले. मग त्याच्यासमोर उकिडवे बसून हळू आवाजात म्हणाले, "बाळा, घेऊ नकोस. तो आपला आपण येईल. तू सोड. गरम चहावर फुंकर घालतोस ना, तशी. ओठ लहान कर. सोड."

त्याने सोडला. तो श्वास अगदी तोकडा होता, आणि त्यात शिट्या होत्या. "आखूड आहे, आखूडच राहू दे," गुरुजी म्हणाले. "पुन्हा सोड." सतिपट्ठान सुत्तात कुशल कातारी आणि त्याचा शिकाऊ पोऱ्या यांची उपमा आहे. लाकूड कातताना लांब फेरा दिला तर त्याला तो लांब म्हणून कळतो, आखूड दिला तर आखूड म्हणून. वर्गात ती उपमा आम्ही उत्तरपत्रिकेसाठी लिहून घेतली होती. त्या रात्री ती कंदिलाच्या उजेडात आमच्या डोळ्यांसमोर घडत होती. पहाटे दूधवाल्याची गाडी मिळाली आणि गुरुजी त्याला मांडीवर टेकवून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. चौथ्या दिवशी तो परत आला, हातावर सुईची निळी खूण आणि खिशात गोळ्यांची पुडी घेऊन.

गुरुजींना हे कोणी शिकवले होते, ते पुढे एकदा त्यांच्याच बोलण्यात आले. त्यांचे वडील मुंबईच्या कापड गिरणीत होते. साच्यावरच्या कामाला पगार अधिक. पण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतर कामगारांना चालत नसे, म्हणून विणकाम खात्याचे दार आपल्या लोकांना बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. वडिलांच्या वाट्याला कापूस पिंजण्याचे खाते आले. त्या खात्यात दिवसभर कापसाची धूळ तरंगत असे. ज्यांचा श्वास धाग्याला लागलेला चालत नव्हता, त्यांच्या छातीत तो कापूस वर्षानुवर्षे साठत गेला. चाळीच्या खोलीत रात्री वडील उशीवर कोपरे टेकून बसत आणि आई समोर बसून म्हणे, "सोडा. हळू सोडा." गुरुजी हे सांगताना फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत होते.

सोबती परत आल्यानंतरच्या पालीच्या तासाला गुरुजींनी तो जुना वाद पुन्हा काढला. आता तुमचे मत काय, असे त्यांनी विचारले. उपसर्गवाला उठला नाही. आमचा सोबती उठला आणि म्हणाला, "गुरुजी, अस्सास म्हणजे बाहेरचा." का, असे विचारल्यावर त्याला सांगता येईना. शेवटी म्हणाला, "कारण तो गेल्यावर बरे वाटते."

"हा पुरावा व्याकरणात चालत नाही," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी फळ्यावर 'अस्सास'च्या पुढे एक बाण काढून 'आश्वास' लिहिले आणि त्यापुढे 'आश्वासन'. पालीत अस्सास या शब्दाचा दुसरा अर्थ दिलासा असाच आहे, हे आम्हाला त्या दिवशी समजले. आश्वासन हा शब्द आज पुढाऱ्यांनी झिजवून पार गुळगुळीत करून टाकला आहे. पण मुळात त्याचा अर्थ, धाप लागलेल्याला श्वास टाकू देणे. विश्वासही त्याच धातूचा. केसपुत्त गावच्या कालामांना दिलेला उपदेश आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हा त्याचा पूर्वार्ध भाषणांतून नेहमी सांगितला जातो. उत्तरार्धापर्यंत वक्ते क्वचितच पोहोचतात. तेथे निर्वैर मनाच्या माणसाला लाभणारे चार दिलासे सांगितले आहेत. परलोक असेल तर त्याला भय नाही. नसेल तर याच जन्मी तो सुखाने राहतो. आणि असेच पुढचे दोन. त्या चार दिलाशांना सुत्तात शब्द आहे 'अस्सास'. गुरुजींनी आमच्या सोबत्याला उत्तर बरोबर आहे असे सांगितले नाही आणि चूक आहे असेही सांगितले नाही.

त्यानेच एकदा रात्री अभ्यासिकेत गुरुजींना विचारले होते, "त्या रात्री गेलेला श्वास परत आला नसता, तर माझा जीव त्याच्याबरोबर गेला असता का?" गुरुजींचे शिक्षण औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात, नागसेनवनात झालेले. १९५० साली सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाचे आणि परिसराचे नाव बाबासाहेबांनी ज्या संवादावरून ठेवले, त्यातलीच गोष्ट त्यांनी सांगितली. राजा मिलिंदाचा अनंतकाय नावाचा अमात्य नागसेनांना म्हणतो, आत-बाहेर ये-जा करणारा जो वारा आहे तोच जीव, तोच नागसेन. नागसेन विचारतात, शंख फुंकणारे, बासरी फुंकणारे, शिंग फुंकणारे यांचा फुंकलेला वारा त्यांच्याकडे परत येतो का? नाही येत. मग ते मरत का नाहीत? अमात्य निरुत्तर होतो. आश्वास-प्रश्वास हे केवळ शरीराचे व्यापार आहेत, त्यात कोणी बसलेला नाही, असे नागसेन त्याला समजावतात. सोबती बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मला बिगूल वाजवायला हरकत नाही." प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात त्याने तो वाजवलाही. फार बेसूर वाजवला.

पुढची वर्षे इतरांच्या आयुष्यांसारखीच गेली. नोकऱ्या, बदल्या, लग्ने, मुलांची शिक्षणे. आमच्यापैकी एक इगतपुरीच्या धम्मगिरीला दोनदा जाऊन आला आणि तेथे पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहण्यात घालवले. दुसऱ्याला हे पसंत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडायला शिकवले, मिटायला नव्हे, असे तो म्हणतो, आणि हा वाद आम्ही भेटलो की चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर निघतोच. आमचा सोबती शिक्षक झाला. पुड्यांच्या जागी पंप आला. तो त्याच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी असतो.

काही वर्षांपूर्वी गुरुजी गेले. वय नव्वदीकडे झुकलेले, आजार असा काही नव्हता. निरोप मिळाला तेव्हा आम्ही पाचही जण औरंगाबादच्या त्यांच्या लहानशा घरी पोहोचलो. सूनबाई उशाशी बसल्या होत्या. राहुलाला केलेल्या उपदेशात तथागतांनी म्हटले आहे की ज्याने श्वासाची स्मृती जोपासली, त्याचे अखेरचे अस्सास-पस्सासही त्याच्या नकळत थांबत नाहीत. गुरुजींना ते कळत होते की नाही, हे आम्हाला कसे सांगता येणार? डोळे मिटलेले होते. श्वासांमधले अंतर वाढत चालले होते. एक श्वास बाहेर आला, लांब, कसलाही आवाज न करता, आणि आम्ही पुढच्याची वाट पाहू लागलो. आमच्यापैकी एकाच्या तोंडून "गुरुजी, श्वास घ्या" असे निघणारच होते. सोबत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तसाच राहिला, सूनबाईंनी गुरुजींच्या कपाळावरून पदर फिरवीपर्यंत.

अंत्ययात्रेला जुने विद्यार्थी पुष्कळ आले होते. स्मशानभूमीत त्रिशरण आणि पंचशील म्हणायचे होते. पुढे उभे राहून म्हणण्याचा मान सर्वांनी आमच्या सोबत्याला दिला. धूळ उडत होती, त्याची छाती वाजू लागली होती. त्याने पंप काढून दोनदा ओढला, ओठ लहान करून हवा सोडली आणि सुरुवात केली. पहिल्याच ओळीच्या मध्यावर त्याचा आवाज गेला. नववीत असतो तर आम्ही ओळ पुढे नेली असती आणि तो शेवटच्या शब्दाला येऊन मिळाला असता. यावेळी ते दीड-दोनशे लोक, पांढऱ्या केसांचे, ओळीच्या मध्येच थांबून राहिले.